बाजूला ठेवलेले वादन

कलाकाराने स्वतः लोकांपुढे ठेवले तेवढेच ऐकावे, मागे राहिलेल्याला हात लावू नये, असे माझे ठाम मत होते. जॅझमधल्या जुन्या सॅक्सोफोनवादकांच्या रेकॉर्डी मी तरुणपणापासून जमवत आले. पण ‘संपूर्ण ध्वनिमुद्रणे’ असे मोठ्या अक्षरांत छापलेल्या जाडजूड बॉक्स सेटपासून मात्र ठरवून लांब राहिले. आज माझ्या कपाटातला एक अख्खा कप्पा त्याच संचांनी भरला आहे आणि नव्या संचांसाठी मी जागा करते आहे. मत कशाने बदलले, किती बदलले आणि कुठे अजिबात बदलले नाही, हे एकदा नीट मांडावे असे फार दिवस मनात होते.

आधी जुन्या मताची बाजू सांगते, कारण ती आजही मला लेचीपेची वाटत नाही.

सनी रोलिन्सची ‘सॅक्सोफोन कोलॉसस’ घ्या. २२ जून १९५६ रोजी, न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक गावी, ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांच्या राहत्या घरातल्या स्टुडिओत एका दिवसात ती मुद्रित झाली. पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बासवर डग वॉटकिन्स, ड्रम्सवर मॅक्स रोच. पाच रचना, सुमारे चाळीस मिनिटे. कॅरिबियन चालीची ‘सेंट थॉमस’ दार उघडते, मग एक संथ बॅलड येते, आणि शेवटची ‘ब्लू सेव्हन’ अकरा मिनिटांहून जास्त वेळ एकाच कल्पनेला उलटून-पालटून पाहते. यात एक रचना वाढवावी किंवा कमी करावी असे कधी वाटत नाही. एका बाजूला वीसेक मिनिटे, मग उठून रेकॉर्ड उलटायची, मग दुसरी बाजू. एलपीच्या मर्यादेनेच त्या वादनाला घाट दिला आहे.

त्याच्याही मागे जा. कोलमन हॉकिन्स पाच वर्षे युरोपात राहून अमेरिकेत परतला आणि ११ ऑक्टोबर १९३९ रोजी त्याने ‘बॉडी अँड सोल’ वाजवले. मूळ चाल तो सुरुवातीला जेमतेम दाखवतो आणि लगेच तिच्या स्वरसंगतीच्या पोटात शिरतो. दोन आवर्तने, तीन मिनिटे, खेळ संपला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकत वाढलेल्या माणसाला या तीन मिनिटांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. तासाभराच्या रागाचा अर्क इतक्या थोड्या अवकाशात उतरवणे ही ७८ फेऱ्यांच्या तबकडीने इकडच्या गायकांपुढे आणि तिकडच्या वादकांपुढे टाकलेली सारखीच परीक्षा होती. त्या परीक्षेत जे टिकले ते कलाकाराचे. बाकीचे स्टुडिओतच राहू द्यावे, असे मला वाटे.

आणि बॉक्स सेट नेमके उलटे करत. एकाच रचनेचे चार-पाच टेक ओळीने. एक सुरुवात अडखळून थांबते, कोणीतरी काही बोलते, पुन्हा चार मात्रा मोजल्या जातात, पुन्हा तीच चाल. मूळ एलपीचा क्रम मोडून तारखेप्रमाणे मांडणी केलेली. जी रेकॉर्ड मला दोन बाजूंसकट पाठ आहे, तिची पाने सुटी करून कोणी फाइलमध्ये लावली आहेत असे वाटे. शिवाय धंद्याचा संशय होताच. तेच संगीत आधी एलपीवर, मग सीडीवर, मग दोन जादा टेक घालून पुन्हा सीडीवर, मग खोक्यात, मग पुन्हा जाड व्हिनाइलवर. हा संशय आजही रास्त आहे. कित्येक संच खरोखरच जुनी चीज नव्या वेष्टनात विकतात आणि त्यांच्यासाठी पैसे मोजू नयेत असे मी आजही सांगेन.

माझ्या मताला पहिला धक्का दिला तो टीना ब्रुक्सने.

हे नाव जॅझच्या नेहमीच्या श्रोत्यांनाही चटकन आठवत नाही. खरे नाव हॅरल्ड फ्लॉइड ब्रुक्स, जन्म १९३२, नॉर्थ कॅरोलायना. टेनर सॅक्सोफोन. त्याच्या सुरात एक ओलावा आहे. रोलिन्ससारखा दरारा नाही, कोल्ट्रेनसारखी आग नाही, पण वाक्य असे बांधतो की ते संपेपर्यंत श्वास रोखून ऐकावे. ब्लू नोट या लेबलसाठी १९५८ ते १९६१ या काळात त्याने स्वतःच्या नावावर चार अल्बमांइतके संगीत मुद्रित केले. त्यातला फक्त एक, १९६० चा ‘ट्रू ब्लू’, त्याच्या हयातीत बाजारात आला. दुसऱ्या एकाचे, ‘बॅक टु द ट्रॅक्स’चे, मुखपृष्ठ तयार होते, ४०५२ हा क्रमांकही पडला होता, पण रेकॉर्ड निघाली नाही. १९५८ च्या सत्रात तर ट्रंपेटवर ली मॉर्गन, पियानोवर सनी क्लार्क आणि ड्रम्सवर आर्ट ब्लेकी असा ताफा होता. तेही कपाटात. १९६१ नंतर त्याच्या नावाचे मुद्रण झाले नाही. व्यसनाने शरीर पोखरले आणि १९७४ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी तो गेला. त्या चारही सत्रांचे संगीत एकत्र लोकांपुढे आले ते १९८५ मध्ये, मोझेक या छोट्या लेबलने काढलेल्या बॉक्स सेटमध्ये.

तो संच ऐकल्यावर माझ्या जुन्या नियमाचा पायाच हलला. ‘कलाकाराने लोकांपुढे ठेवले तेवढेच’ असे मी म्हणत होते. इथे कलाकाराला ठेवू दिलेच नव्हते. निवड टीना ब्रुक्सची नव्हती. ब्लू नोटचे आल्फ्रेड लायन जेवढे मुद्रित करत तेवढे बाजारात आणणे त्या छोट्या लेबलला परवडत नसे. कोणाची रेकॉर्ड खपते, कोणाची नाही, कोण कार्यक्रम करत फिरतो, कोण आजारी आहे, यावर टेप बाहेर येणे किंवा पडून राहणे ठरे. आणि ही एकट्याची कहाणी नाही. हँक मोबलीसारखा नावाजलेला टेनरवादक, पण त्याचे १९६६ चे ‘अ स्लाइस ऑफ द टॉप’ १९७९ मध्ये निघाले, १९६१ चे ‘अनदर वर्कआउट’ १९८५ मध्ये. वेन शॉर्टरचे १९६५ चे ‘द सूथसेअर’ही १९७९ पर्यंत अंधारात होते. मी ज्याला कलाकाराचा कौल समजून मान देत होते, तो बऱ्याच वेळा हिशेबाच्या वहीचा कौल होता.

या टेप उजेडात आल्या त्यामागे एका माणसाचा हट्ट होता, मायकेल कस्कुना. १९७५ मध्ये त्यांना ब्लू नोटच्या टेपांच्या कोठारात शिरकाव मिळाला. डब्यांवरच्या नोंदी अपुऱ्या. कोण वाजवतो आहे, रचनेचे नाव काय, तारीख कोणती, हे कान लावून आणि जिवंत असलेल्या वादकांना विचारून ठरवायचे. पुढे चार्ली लूरी यांच्यासोबत त्यांनी मोझेक सुरू केले. १९८३ मध्ये पहिला संच निघाला, तो थेलोनियस मंक यांचा. मोझेकची पद्धत साधी होती: ठरावीक प्रती, प्रत्येक प्रतीवर क्रमांक, विक्री दुकानातून नव्हे तर टपालाने, आणि परवान्याची मुदत संपली की संच बंद. एलपीच्या आकाराचा काळा चौकोनी खोका आणि आत त्याच आकाराची पुस्तिका. तिच्यात फ्रान्सिस वुल्फ यांनी त्या सत्रांच्या वेळी टिपलेली छायाचित्रे, प्रत्येक सत्राची तारीख, प्रत्येक वादकाचे नाव. कस्कुना २०२४ मध्ये गेले. टीना ब्रुक्सला त्याच्या मरणानंतर श्रोते मिळाले ते या परिश्रमामुळे. असल्या कामाला मी केवळ धंदा कसे म्हणू शकले असते?

तरीही मनाची एक वाट मी मोकळी ठेवली होती. न निघालेला अल्बम वेगळा, आणि निघालेल्या अल्बमचे उरलेले टेक वेगळे. पहिल्याला न्याय द्यावा. दुसरे मात्र स्टुडिओचे अंतरंग आहे, तिथे डोकावू नये. ही वाट बंद केली जॉन कोल्ट्रेनने.

न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमधले व्हिलेज व्हॅनगार्ड हा तळघरातला त्रिकोणी क्लब आहे. सव्वाशेच्या आसपास माणसे बसतात. १९६१ च्या नोव्हेंबरात १, २, ३ आणि ५ या तारखांना व्हॅन गेल्डर यांनी आपली यंत्रे तिथे नेऊन कोल्ट्रेनचे वादन टिपले. त्यातून १९६२ मध्ये जी एलपी निघाली तिच्यात फक्त तीन रचना होत्या; पुढच्या वर्षी ‘इम्प्रेशन्स’ या एलपीत आणखी दोन आल्या. १९९७ मध्ये इम्पल्स लेबलने चारही रात्रींचे वादन चार सीडींच्या संचात काढले: बावीस वेळा वाजलेल्या मोजक्या रचना. ‘इंडिया’ ही रचना चारही रात्री आहे, ‘स्पिरिच्युअल’ही चारही रात्री.

‘इंडिया’ मी एलपीवर ऐकलेली होती, तिसऱ्या रात्रीची. पहिल्या रात्रीची ऐकली तेव्हा ती दहा मिनिटांची, शेवटच्या रात्रीची पंधराची. दोन बास एका स्वराला धरून बसलेले, एल्विन जोन्सचा ठेका खालून उसळणारा, वर कोल्ट्रेनचा सोप्रानो आणि एरिक डॉल्फीचा बास क्लॅरिनेट. काही वेळा अहमद अब्दुल-मलिक यांच्या ऊदचा झंकार. सांगाडा तोच, पण कोल्ट्रेन कोणत्या स्वरावर रेंगाळेल, कधी वर चढेल, डॉल्फी त्याचे वाक्य उचलेल की तोडेल, हे दर रात्री नवे. इथे माझ्यातली ख्याल ऐकणारी श्रोती खडबडून जागी झाली. एकाच गायकाचा यमन मी किती मैफिलींत ऐकला असेल! दुसऱ्यांदा ऐकताना ‘हा उरलेला यमन’ असे माझ्या मनात कधीही आले नाही. उलट कालचा यमन आजच्या यमनाला खोली देतो, हे मला शिकवावे लागले नव्हते. मग जे माझ्या मातीतल्या संगीताला मी सहज दिले, ते कोल्ट्रेनला नाकारण्याचे कारण काय? कारण एवढेच, की त्याचे संगीत माझ्यापर्यंत रेकॉर्ड बनून आले होते आणि मी रेकॉर्डलाच संगीत मानत होते. एलपीच्या एका बाजूवर वीसेक मिनिटेच मावत म्हणून चार रात्रींतल्या तीन रचना निवडल्या गेल्या. मर्यादेने घाट दिला हे जितके खरे, तितकेच हेही खरे की मर्यादेने ‘इंडिया’च्या तीन रात्री झाकून ठेवल्या.

आणि ही तुलना मी ओढूनताणून आणलेली नाही. कोल्ट्रेन त्या काळात भारतीय संगीत लक्ष देऊन ऐकत होता. पंडित रविशंकर यांच्याबद्दल त्याला इतका आदर होता की १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव त्याने रवी ठेवले. व्हॅनगार्डच्या त्या नोव्हेंबरातच ‘डाउनबीट’ या जॅझ नियतकालिकात जॉन टायनन यांनी कोल्ट्रेन-डॉल्फी यांच्या वादनावर ‘अँटी-जॅझ’ असा शिक्का मारला होता. लांबलचक, न संपणारे, एका स्वराभोवती घोटाळणारे वादन ही तक्रार होती. चारही रात्री सलग ऐकणाऱ्याला त्या लांबीचे कारण कळते: हा माणूस रचना सादर करत नव्हता, तिच्यात काय सापडते ते दर रात्री नव्याने पाहत होता.

स्टुडिओतल्या टेकबद्दलचा माझा आग्रह चार्ली पार्करने सोडवला. २६ नोव्हेंबर १९४५ चे त्याचे सॅव्हॉय लेबलसाठीचे सत्र जॅझच्या इतिहासात मैलाचा दगड मानतात. ट्रंपेटवर एकोणीस वर्षांचा माइल्स डेव्हिस, ड्रम्सवर मॅक्स रोच, आणि डिझी गिलेस्पी कधी पियानोवर तर कधी ट्रंपेटवर. पार्करची सॅव्हॉय आणि डायल या दोन्ही लेबलांची १९४४ ते १९४८ ची स्टुडिओतली मुद्रणे आठ सीडींच्या संचात आहेत. त्यात ‘बिलीज बाउन्स’चे पाच टेक आहेत, पाचवा निवडला गेला. ‘नाउज द टाइम’चे चार, चौथा निवडला गेला. मी समजत होते की पाचवा टेक म्हणजे पार्करचा सर्वांत चांगला सोलो. ऐकल्यावर ध्यानात आले की निवडताना साऱ्या चमूचे मिळून काय जमले ते पाहावे लागते. चाल एकत्र उचलली गेली का, शेवट नीट झाला का, सॅक्सोफोनची रीड मध्येच चिरकली का. त्या दिवशी ती चिरकत होती. पार्करने एका टेकमध्ये घेतलेली एखादी भरारी पुढच्या टेकमध्ये परत येत नाही, कारण तो तीच गोष्ट पुन्हा सांगत नाही. ती भरारी त्या टेकबरोबर बाजूला पडली, आणि तिचा गुन्हा एवढाच की तिच्या आगेमागे दुसऱ्या कोणाचे काही चुकले होते.

त्याच दिवसाचे ‘को-को’ घ्या. पहिल्या टेकमध्ये वादक प्रस्तावना वाजवून ‘चेरोकी’ या लोकप्रिय गाण्याची मूळ चाल सुरू करतात आणि लगेच वादन थांबवले जाते. सहसा दिले जाणारे कारण असे की मूळ चाल वाजवली तर तिच्या संगीतकाराचे मानधन द्यावे लागले असते. पुढच्या टेकमध्ये चाल गायब आहे. प्रस्तावना संपते आणि पार्कर थेट ‘चेरोकी’च्या स्वरसंगतीवर झेप घेतो. बीबॉप या पार्करच्या जॅझशैलीचा जो थरार आपण एक कलाविचार म्हणून वाखाणतो, त्यात व्यवहाराचाही हात होता, हे त्या तुटक पहिल्या टेकवाचून मला कधीच उमगले नसते. अपुरे राहिलेले वादन पूर्ण वादनाचा अर्थ सांगते, याचा याहून नेमका दाखला मला माहीत नाही.

मग कोल्ट्रेनची ‘जायंट स्टेप्स’ पुन्हा ऐकताना माझ्या जुन्या युक्तिवादातली एक गाठ आपोआप सुटली. मी म्हणत असे की निवडलेले ते निर्दोष. मे १९५९ मध्ये मुद्रित झालेला, अॅटलांटिकने अल्बमवर घातलेला तो टेक ऐका. स्वरसंगती दर दोन मात्रांनी उडी घेते, लय भयानक द्रुत. कोल्ट्रेन हे सर्व घोटून आला होता. पियानोवरचे टॉमी फ्लॅनगन, तेच ‘सॅक्सोफोन कोलॉसस’वरचे कसलेले वादक, आपल्या सोलोत अडखळतात; ओळ तुटते, पुढे नुसत्या कॉर्डवर येतात. हा टेक अधिकृत आहे. कोल्ट्रेनने आणि लेबलने तोच जगापुढे ठेवला. म्हणजे माझी पवित्र एलपीसुद्धा आपल्या पोटात एक धडपड बाळगून होती. त्याआधी एप्रिलमध्ये सीडर वॉल्टन पियानोवर असताना झालेला टेक कोल्ट्रेनच्या अॅटलांटिक संचात आहे. तो संथ आहे आणि त्यात वॉल्टन सोलो घेतच नाहीत. दोन्ही शेजारी ठेवले की फ्लॅनगन यांच्या त्या अडखळण्यातले धैर्य दिसते. नकाशा हाती नसलेल्या प्रदेशात ते उतरले तरी. १९८२ मध्ये त्यांनी स्वतःच्या तिघांच्या चमूबरोबर ‘जायंट स्टेप्स’ नावाचाच अल्बम केला आणि ती रचना सन्मानाने पार केली. ही तेवीस वर्षांची गोष्ट एका एलपीत मावत नाही.

इतके सगळे मान्य केल्यावर मी सरसकट ‘संपूर्ण’वादी झाले का? नाही. एका जागी माझे पाऊल अजून अडते, आणि ते तिथे अडलेलेच राहील.

२९ जुलै १९४६ रोजी हॉलिवूडमध्ये डायल लेबलसाठी पार्करने ‘लव्हर मॅन’ वाजवले. हेरॉइन मिळत नव्हते, दारूने शरीर पार ढासळले होते, उभे राहणे कठीण होते. सुरुवातीचा स्वर उशिरा येतो, वाक्ये मध्येच विरतात. त्या रात्री हॉटेलात गोंधळ झाला, अटक झाली, आणि पुढचे काही महिने कॅमारियोच्या मनोरुग्णालयात गेले. डायलचे रॉस रसेल यांनी ते मुद्रण बाजारात आणले. पार्करला हे कधीच पटले नाही. त्याचा राग शेवटपर्यंत राहिला. १९५१ मध्ये त्याने ‘लव्हर मॅन’ पुन्हा मुद्रित केले. त्या जुन्या टेकमध्ये भेदून जाणारे काही आहे असे म्हणणारे जाणकार आहेत, आणि मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. पण ज्याचे वादन आहे त्याने स्पष्ट नको म्हटलेले मी पुन्हा लावत नाही. संचात तो टेक आला की मी पुढे जाते. टीना ब्रुक्सच्या टेपवर कंपनीने दार लावले होते. इथे खुद्द कलाकार दारात उभा होता. या दोन गोष्टींतला फरक ‘संपूर्ण’ या शिक्क्याखाली पुसला जातो, आणि म्हणून तो शिक्का मला आजही पुरेसा वाटत नाही.

मधला प्रदेश याहून अवघड आहे. २०१८ मध्ये कोल्ट्रेनचे ६ मार्च १९६३ चे एक सत्र ‘हरवलेला अल्बम’ म्हणून प्रसिद्ध झाले. टेप त्याच्या पहिल्या पत्नीच्या, नायमा यांच्या, घरच्यांकडे जपलेली होती. संगीत दमदार आहे आणि ते ऐकायला मिळाले याचा मला आनंद आहे. पण अल्बम म्हणजे कोणीतरी क्रम लावून, हे आधी आणि हे नंतर, असे ठरवून केलेली गोष्ट. कोल्ट्रेनने त्या टेपचा अल्बम केला नव्हता. त्याला एका दिवसाचे सत्र म्हणावे आणि तसेच ऐकावे, एवढीच माझी मागणी आहे. संगीताला मज्जाव नको. नाव मात्र खरे असावे.

दुसरे टोक डीन बेनेडेटी यांचे. स्वतः सॅक्सोफोनवादक असलेला हा तरुण पार्करच्या वादनाने इतका झपाटला की १९४७ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या आणि १९४८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या क्लबांत त्याने मुद्रणाची यंत्रे नेली आणि फक्त पार्करचे सोलो टिपले. दुसऱ्या कोणाची पाळी आली की यंत्र बंद. बेनेडेटी १९५७ मध्ये इटलीत मरण पावले. त्यांच्या भावाने जपलेले हे भांडार मोझेकने १९९० मध्ये सात सीडींमध्ये काढले. वाक्य मध्येच सुरू होते, मध्येच तुटते, पार्श्वभूमीला खरखर. सॅक्सोफोन शिकणाऱ्यासाठी हे सोन्याचे आहे. मला मात्र त्यातून उलटा धडा मिळाला: सोबत्यांना कापून टाकले की पार्करही अर्धा होतो. मॅक्स रोच काय म्हणाला हे कळल्याशिवाय पार्करने काय उत्तर दिले ते कळत नाही. तरीही बेनेडेटींनी यंत्र नेलेच नसते, तर त्या रात्रींचा एक स्वरही उरला नसता.

हा ‘उरणे’ शब्द शेवटी माझ्या बाजूचा सर्वांत मोठा आधार ठरला. १९७८ च्या फेब्रुवारीत न्यू जर्सीतल्या लाँग ब्रँच इथे अॅटलांटिकचे कोठार जळाले आणि प्रसिद्ध न झालेल्या सत्रांच्या बहुतेक टेप खाक झाल्या. कोल्ट्रेनची अॅटलांटिकवरची मुद्रणे १९९५ मध्ये सात सीडींच्या संचात निघाली; त्यात जे जादा टेक आहेत ते कोणत्या ना कोणत्या कारणाने वाचलेले आहेत. निवड करायला आधी काहीतरी शिल्लक राहावे लागते. मी ज्या काळात ‘उरलेल्याला हात लावू नका’ म्हणत होते, त्या काळात हात न लावलेल्या टेप गोदामांत खराब होत होत्या, जळत होत्या.

आता मी कशी ऐकते तेही सांगते, कारण मत बदलले की सवयीही बदलाव्या लागतात. नवा संच आला की त्यातली एलपी आधी मूळ क्रमाने ऐकते, दोन बाजूंमध्ये थोडे थांबून. ती अंगवळणी पडल्यावरच तारखेच्या क्रमाकडे वळते. एका रचनेचे चार टेक एका बैठकीत कधी ऐकत नाही; एका संध्याकाळी एकच. पुस्तिका समोर उघडी असते. मोबाइलवर हेच संगीत बोटाच्या टोकाशी मिळते, पण बास कोणी वाजवला आणि त्या दिवशी स्टुडिओत कोण होते, हे तिथे फार वेळा दिसत नाही. त्या नावांशिवाय मला आता ऐकणे अपुरे वाटते. मर्यादित प्रतींमुळे बंद झालेले संच जुन्या बाजारात अवाच्या सवा दराने विकले जातात. त्या दरांच्या मागे मी जात नाही आणि कोणी जावे असे म्हणत नाही. खोका मिळवणे हे ध्येय नाही. त्यातला प्रत्येक टेक ‘हा बाजूला का पडला?’ या प्रश्नासह ऐकणे हे ध्येय आहे.

या प्रश्नाने मला अखेर मुंबईत आणून सोडले. साठच्या दशकाच्या शेवटी सनी रोलिन्स वादन बाजूला ठेवून पवईच्या आश्रमात काही महिने योग आणि वेदांत शिकत राहिला होता. १९७८ च्या पहिल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात तो मुंबईत वाजवूनही गेला. पण तो इथे येण्याच्या कितीतरी आधीपासून सॅक्सोफोन मुंबईचाच होता. ताज महाल हॉटेलच्या नृत्यगृहात, चर्चगेटच्या रेस्टॉरंटांत, आणि दिवसा हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गोव्याचे वादक वाजवत होते. चित्रपटाच्या तबकडीवर गायकाचे नाव, संगीतकाराचे नाव. मधल्या तुकड्यात जीव ओतणाऱ्या सॅक्सोफोनवादकाचे नाव नाही. ब्राझ गोन्साल्विससारख्या जाणत्या वादकाने जॅझ आणि राग यांची गाठ घालण्यासाठी वर्षानुवर्षे जे वाजवले, त्यातले रेकॉर्डवर फार थोडे आले. नरेश फर्नांडिस यांच्या २०१२ च्या ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकाने मुंबईच्या त्या जॅझचा इतिहास जागा केला. त्या इतिहासाचा आवाज मात्र अजून विखुरलेला आहे.

माझ्या जुन्या नियमाने मी म्हणाले असते, जे प्रसिद्ध झाले नाही ते ऐकण्याजोगे नसेल. टीना ब्रुक्स ऐकल्यानंतर हे वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही. बांद्र्यात, माझगावात, धोबी तलावाजवळ, मडगावात, ज्या घरांत एखाद्या वादकाच्या स्पूल टेप, कॅसेट किंवा ॲसिटेट तबकड्या पडून असतील, त्या घरांना माझे कळकळीचे सांगणे आहे: त्या फेकू नका. त्यांच्यावर तारीख, जागा आणि वाजवणाऱ्यांची नावे लिहा. घरातले ज्येष्ठ आहेत तोवर त्यांना विचारून लिहा. वादक हयात असेल तर काय बाहेर यावे आणि काय नको, तेही त्याच्याकडूनच लिहून घ्या. मग त्या टेप जाणकाराकडून उतरवून घ्या. कस्कुना यांनी ब्लू नोटसाठी हेच केले, आणि त्यासाठी त्यांच्याजवळ सुरुवातीला कान, वही आणि चिकाटी याखेरीज काही नव्हते. आपल्या सॅक्सोफोनवादकांचा एक संपूर्ण, नावानिशीचा संच निघाला, तर तो विकत घेणाऱ्यांत मी पहिली असेन, आणि त्यातला प्रत्येक टेक ऐकेन.